तान्ह्याच्या तोंडातला पांढरा थर

इतिहास म्हटला की लढाया, तह, गादीवर बसलेले आणि उतरलेले राजे डोळ्यांपुढे येतात. आज सांगायची हकिकत त्यातली नाही. ही एका दुखण्याची हकिकत आहे, आणि दुखणेही असे की ज्याला आपल्या घरांत कुणी मोठे नाव देत नाही. बाळ पंधरा-वीस दिवसांचे झालेले असते. एके दिवशी दूध ओढता ओढता ते मध्येच सोडून रडू लागते. आजीबाई बाळाचे तोंड उघडून पाहतात, तर जिभेवर, गालांच्या आतून, टाळूवर पांढरे ठिपके. जणू कुणी दह्याची कवडी चिकटवून ठेवली आहे. कुणी म्हणते, "दृष्ट लागली." कुणी म्हणते, "आईचं दूध बाधलं." कुणी बोटाला फडके गुंडाळून तो थर खरवडू लागते आणि खालून रक्त येते.

हा थर कशाचा असतो, तो बाळाच्या तोंडात येतो कुठून, आणि एकाच्या तोंडात येतो तर शेजारच्या पाळण्यातल्या दुसऱ्याच्या का येत नाही? हे तीन प्रश्न दिसायला साधे आहेत. त्यांची उत्तरे मिळायला माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला, आणि वाटेत हजारो तान्ही मुले दगावली. नुसत्या बुरशीनेच ती गेली असे नव्हे. उपासमार, गर्दी आणि अस्वच्छता यांनी ती आधीच पोखरली गेली होती, आणि बुरशी त्या पडझडीचे निशाण होती. ते कसे, हेच आज पाहायचे आहे.

जुन्या वैद्यांना हे दुखणे माहीत होते. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या सूत्रांत कोणत्या वयात कोणती दुखणी होतात याची यादी आहे. नवजात मुलांच्या दुखण्यांत त्याने तोंडातले फोड-चट्टे पहिल्याप्रथम घातले आहेत, आणि त्यांच्यामागून ओकारी, खोकला, जाग्रण, बेंबीची सूज अशी नावे येतात. आपल्याकडे काश्यपसंहिता हा बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ आहे. बोलता न येणाऱ्या बाळाचे दुखणे ओळखावे कसे, यासाठी त्यात एक वेगळा अध्यायच आहे. मुखरोग झाला असता लाळ फार गळते, बाळ स्तनाला तोंड लावायला नाखूश असते, कासावीस होते, प्यालेले दूध बाहेर टाकते, असे त्यात म्हटले आहे. आजची कोणतीही परिचारिका हे वाचून मान डोलावील. मात्र मुखरोग हा शब्द मोठा आहे. त्यात तोंडाची अनेक दुखणी येतात. तेव्हा त्या ग्रंथकारांना नेमकी हीच बुरशी दिसली होती असे म्हणता येणार नाही. त्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते. कारण मात्र डोळ्यांना दिसण्याजोगे नव्हते.

आता आपण फ्रान्स देशात जाऊ. काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध, गाव पॅरिस. तिथे टाकून दिलेल्या मुलांसाठी एक मोठे अनाथालय होते. सतराव्या शतकात व्हिन्सेंट द पॉल या धर्मगुरूच्या कळवळ्यातून ते उभे राहिले. १७७०-८० च्या सुमारास त्या एका घरात वर्षाला पाच-सहा हजारांहून अधिक अर्भके येऊन पडत. काही पॅरिसमधली, काही दूरदूरच्या प्रांतांतून गाडीत घालून आणलेली. त्यांना पाजायला दाया पुरत नसत. मग एकेका दाईच्या वाट्याला अनेक मुले येत, नाहीतर गाईचे दूध, पेज, पाण्यात कालवलेले काहीबाही भांड्याने नाहीतर चिंधीच्या बोळ्याने पाजले जाई. तेच भांडे, तोच बोळा पुढच्या मुलाच्या तोंडी जाई.

या घरात तोंडातला पांढरा थर म्हणजे रोजची गोष्ट होती. फ्रेंच लोकांनी त्याला 'म्युगे' हे नाव दिले. म्युगे म्हणजे एक नाजूक पांढरे रानफूल, घंटेच्या आकाराचे. केवढ्या दुःखाला केवढे सुंदर नाव! काही मुलांच्या तोंडातला हा थर घशात उतरे, दूध गिळणे बंद होई, हगवण लागे, आणि मूल सुकत सुकत जाई. प्रकार इतका वाढला की पॅरिसच्या राजमान्य वैद्यक मंडळाने १७८० नंतरच्या दशकात या रोगाच्या कारणांवर निबंध मागवले आणि बक्षीस लावले. त्या प्रश्नाची शब्दरचनाच पाहण्यासारखी आहे. रुग्णालयात एकत्र ठेवलेल्या मुलांनाच हा रोग विशेष का होतो, असे मंडळाने विचारले होते. म्हणजे अर्धे उत्तर प्रश्नातच होते. आईजवळ घरी वाढणाऱ्या मुलाला तो क्वचित होई आणि सौम्य असे. संस्थेत ठेवलेल्या मुलाला तो वारंवार होई आणि पुष्कळदा घातक ठरे. ज्याला आज आपण रोगाची जोखीम वाढवणारी कारणे म्हणतो, त्यांचा शोध असा एका अनाथालयाच्या दारात सुरू झाला.

त्या काळच्या वैद्यांनी खोलीतली कोंदट हवा, मुलांची दाटी, आईच्या दुधाचा अभाव यांकडे बोट दाखवले. हवा सोडली तर बाकीचे अनुमान फारसे चुकलेले नव्हते. पण हा थर म्हणजे नक्की काय, हे गूढच राहिले. १८२८ साली शार्ल बियार या तरुण फ्रेंच वैद्याने नवजात मुलांच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. शेकडो मृत अर्भकांची शवचिकित्सा करून त्याने ज्ञान मिळवले होते. तोंडातला श्लेष्म बिघडून घट्ट होतो आणि त्याचाच हा थर बनतो, असे त्याचे मत पडले. माणूस कष्टाळू आणि प्रामाणिक होता, पण त्या थराचा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहण्याची वेळ अजून यायची होती.

ती वेळ लवकरच आली, आणि तिची सुरुवात माणसाच्या रोगापासून झाली नाही. इटलीत रेशमाच्या किड्यांना एक रोग होई. किडा मरे आणि त्याच्या अंगावर पांढरी भुकटी धरे. आगोस्तिनो बास्सी याने १८३५ मध्ये दाखवून दिले की ही भुकटी म्हणजे एक बुरशी आहे आणि तिच्यामुळेच रोग एका किड्यापासून दुसऱ्याला होतो. ज्वारीच्या कणसावर काणी धरते, लोणच्यावर भुरा येतो, तशी सजीव प्राण्याच्या अंगावरही बुरशी वाढून त्याला आजारी पाडू शकते, हा विचार तेव्हा नवा होता. त्या विचाराने अनेकांचे डोळे उघडले. १८३९ मध्ये लांगेनबेक या जर्मन वैद्याला तापाने मेलेल्या एका रोग्याच्या अन्ननलिकेत असा थर सापडला आणि त्यात बुरशीचे धागे दिसले. त्याला वाटले, तापाचेच मूळ हाती आले. दिसले ते खरे होते, लावलेला अर्थ चुकला.

खरा अर्थ लावला तो स्वीडन देशातल्या फ्रेड्रिक थिओडोर बेर्ग याने. स्वीडिश भाषेत या दुखण्याला 'टॉर्स्क' म्हणतात. बेर्गने १८४१ मध्ये तान्ह्या मुलांच्या तोंडातला थर घेऊन तपासला आणि तो बुरशीचा बनलेला आहे हे जाहीर केले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये दाव्हिद ग्रुबी या हंगेरीहून आलेल्या वैद्याने स्वतंत्रपणे तेच सांगितले. श्लेष्म नाही, साका नाही, नासलेले दूध नाही. ही एक वनस्पतीसारखी वाढणारी जिवंत गोष्ट आहे. तिचे बारीक गोल दाणे आहेत आणि त्यांतून फुटणारे धागे आहेत. ते धागे तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेत शिरतात. म्हणूनच थर खरवडला की रक्त येते.

या वर्षाचे महत्त्व शिक्षक मंडळींनी जरूर ध्यानात घ्यावे. जंतूंमुळे रोग होतात हे रॉबर्ट कॉख याने काळपुळीच्या जंतूवरून सिद्ध केले ते १८७६ साली. त्याच्या पस्तीस वर्षे आधी बेर्गने आपला शोध जाहीर केला होता. माणसाच्या ज्या रोगांच्या मुळाशी सूक्ष्म जीव आहे हे अगदी आरंभी दिसून आले, त्यांत तान्ह्याच्या तोंडातला हा क्षुल्लक मानलेला रोग आहे.

बेर्ग नुसता सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारा नव्हता. स्टॉकहोमच्या सार्वजनिक अनाथालयाची वैद्यकीय जबाबदारी त्याच्याकडे आली. तिथे त्याने पाहिले की पुष्कळ मुलांना एकाच बाटलीने पाजतात आणि ती धड धुतली जात नाही. रोगाचा प्रवास त्याला तिथे दिसला. एका बाळाच्या तोंडातून बाटलीच्या तोंडाला, आणि बाटलीच्या तोंडातून दुसऱ्या बाळाच्या तोंडाला. पण दिसले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. म्हणून त्याने आजारी मुलाच्या तोंडातला थर निरोगी मुलांच्या तोंडाला लावून पाहिला, आणि रोग झाला. १८४६ मध्ये त्याने या रोगावर पुस्तक प्रसिद्ध केले.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या मुलांवर हा प्रयोग झाला, त्यांना आईबाप नव्हते. "माझ्या लेकराला हात लावू नका" असे म्हणणारे कुणी नव्हते. आजच्या काळात असा प्रयोग करायला कोणतेही मंडळ परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. बेर्गच्या शोधाचा उपयोग पुढे असंख्य मुलांना झाला हे जितके खरे, तितकेच ज्ञानाची किंमत कोणी मोजली हेही लक्षात ठेवणे खरे. बेर्ग पुढे बालरोगांचा प्राध्यापक झाला. नंतर त्याने वैद्यकी सोडून आकड्यांचा मार्ग धरला आणि १८५८ मध्ये स्वीडनच्या सांख्यिकी कचेरीचा प्रमुख झाला. कोणत्या वयाची किती मुले कुठे दगावतात, हे मोजल्यावाचून त्यांना वाचवता येत नाही, हे अनाथालयात काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागले नसेल.

बाटलीचे कोडे सुटले. पण ज्या मुलाने बाटली पाहिलीच नाही, त्याला बुरशी कुठून आली? १८४९ मध्ये विल्किन्सन या इंग्रज वैद्याने स्त्रियांच्या योनिमार्गात तशीच बुरशी आढळते असे नमूद केले. मग १८७५ मध्ये हाउसमान या जर्मन वैद्याने दाखवले की आईच्या योनिमार्गातली बुरशी आणि बाळाच्या तोंडातली बुरशी एकच आहे. जन्माच्या वेळी बाळ त्या वाटेने येते, आणि येता येता बुरशीचे दाणे त्याच्या तोंडात जातात.

हे ऐकून कुणी म्हणेल, "म्हणजे चूक आईचीच की!" मुळीच नाही. ही बुरशी निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यांत, त्वचेवरही मुकाट राहत असते. पुरुषांच्याही, मुलांच्याही. गरोदरपणात शरीरातले स्त्रीरस वाढतात, त्यामुळे योनिमार्गाच्या अस्तरात साखरेसारखे पदार्थ अधिक साठतात, आणि बुरशीला तिथे पोसायला सोपे जाते. मधुमेह असेल तर आणखीच. ही शरीराची रीत आहे. तिच्यात ना कुणाचे पाप, ना कुणाचा निष्काळजीपणा. बाळंतिणीला दोष देऊन एकही बाळ आजवर बरे झालेले नाही.

आता तिसरा प्रश्न उरला. बी पुष्कळांच्या तोंडात पडते, पण उगवते थोड्यांच्याच. असे का? शेतकरी श्रोत्यांना याचे उत्तर सांगावे लागणार नाही. बी पडले म्हणजे पीक आले असे होत नाही. जमिनीला वाफसा लागतो. पॅरिसमधल्या अनाथ मुलांच्या रुग्णालयातले वैद्य झ्यूल पारो यांनी १८७७ मध्ये नेमके हेच मांडले. उपासमारीने आणि हगवणीने खंगलेल्या अर्भकांत हा थर बोकाळतो, तेव्हा नुसत्या थराकडे पाहू नका, ज्या देहावर तो उगवला आहे त्या देहाची दशा पाहा, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. बेर्गने बी दाखवले, पारोने जमीन दाखवली. दोघांचेही बरोबर होते.

नावाचीही एक छोटी गोष्ट सांगतो. या बुरशीला शतकभरात अनेक नावे मिळाली आणि बदलली. शेवटी १९२३ मध्ये क्रिस्टीन बेर्खाउट या डच विदुषीने 'कँडिडा' हे नाव दिले, आणि तेच रूढ झाले. कँडिडा आल्बिकन्स हे तिचे पूर्ण नाव. दोन्ही शब्द लॅटिन आणि दोन्हींच्या मुळाशी पांढरेपणा. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक खडूने पांढरा केलेला झगा घालून फिरत, म्हणून त्यांना 'कँडिडेट' म्हणू लागले. आपल्या निवडणुकीतला उमेदवार आणि बाळाच्या तोंडातली बुरशी यांचे शब्दकुळ असे एक निघाले.

विसाव्या शतकात बाळंतपणे मोठ्या प्रमाणावर रुग्णालयांत होऊ लागली, आणि तपासणी पद्धतशीर झाली. १९३८ मध्ये अमेरिकेत वुड्रफ आणि हेसेल्टाइन यांनी आईकडची बुरशी आणि बाळाच्या तोंडातला थर यांचा संबंध अनेक रुग्णांत तपासला. १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये लडलॅम आणि हेंडरसन यांनी एका प्रसूतिगृहातली साथ अभ्यासली. १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात कोझिन आणि क्लेअर टॅशडियन यांनी नवजात मुलांच्या तोंडातून वारंवार नमुने घेऊन बुरशी कधी येते आणि कधी रोग धरते याचा माग काढला. या बुरशीचे दाणे रक्तद्रवात ठेवले की दोन-तीन तासांत त्यांना कोंब फुटतो. त्यावरून ती चटकन ओळखण्याची युक्ती याच मंडळींनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रयोगशाळांत ती रूढ झाली.

या सगळ्या कामातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट झाला. बुरशी तोंडात वस्तीला येणे निराळे आणि तिने रोग करणे निराळे. वस्ती पुष्कळ बाळांच्या तोंडात होते. रोग त्यांतल्या काहींनाच होतो, आणि तोही बहुधा पहिला आठवडा उलटल्यावर दिसतो. ही वस्ती होण्याची आणि वाढण्याची जोखीम कशाकशाने वाढते, ते आता एकत्र सांगतो.

आईच्या योनिमार्गात बुरशी असणे हे पहिले. दिवस भरण्याआधी जन्मणे आणि वजन कमी असणे हे दुसरे, कारण अशा बाळाची रोगाशी झुंजण्याची ताकद कच्ची असते. बाटली आणि रबरी चोखणी हे तिसरे; रबराच्या बारीक भेगांत दुधाचा अंश राहतो आणि त्यावर बुरशी धरते. चौथे म्हणजे हाताळणाऱ्यांचे हात. शस्त्रक्रियेने जन्मलेले बाळ आईच्या योनिमार्गातून येत नाही, तरी त्याच्या तोंडात बुरशी येऊ शकते, ती हातांवरून, स्तनाग्रांवरून, भांड्यांवरून. पाचवे कारण मात्र नव्या युगाने आणले, ते म्हणजे जंतुनाशक औषधे. पेनिसिलिन आणि त्यामागून आलेल्या औषधांनी १९४० नंतर लाखो जीव वाचवले. पण ही औषधे जंतूंना मारतात, बुरशीला नाही. तोंडातले निरुपद्रवी जंतू बुरशीला दाबून ठेवत असतात. तेच मेले की बुरशीला रान मोकळे. पीक उपटून टाकले आणि तण तेवढे राहिले, असा प्रकार. म्हणून आईला किंवा बाळाला विनाकारण अशी औषधे देऊ नयेत, आणि गरज असेल तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्याबाहेर ती लांबवू नयेत.

औषधोपचाराची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. जुन्या काळी इंग्लंडात टाकणखार मधात कालवून बाळाच्या तोंडाला लावत. आपल्याकडेही टाकणखाराची लाही मधातून लावण्याची चाल घरोघर होती. ही चाल आता सोडली पाहिजे. टाकणखार पोटात गेला तर बाळाला आकडी येऊ शकते. मध आणि टाकणखारात बुडवलेली चोखणी दिल्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यक मासिकांत आहेत. आणि मधातून एका भयंकर जंतूचे बीज बाळाच्या आतड्यात जाऊन त्याचे अंग लुळे पडू शकते, हे १९७६ नंतर कळून आले. म्हणून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, मग तो कितीही शुद्ध असो.

१९२० नंतरच्या दशकात जेन्शियन व्हायोलेट हे जांभळे औषध आले. ते स्वस्त आणि गुणकारी होते, पण बाळाचे तोंड, आईचे लुगडे, सारे जांभळे करून टाकणारे. अर्ध्या तीव्रतेचे हे औषध अनेक वर्षे खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत वापरले गेले. पुढे त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका निघाल्या आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने ते वापरू नये असा इशारा दिला.

खरा पल्ला गाठला तो दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात बुरशीचा अभ्यास करीत, आणि रेचल ब्राउन ऑल्बनी गावात रसायनशास्त्राचे काम पाहत. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात नोकरीला. हेझनबाई ठिकठिकाणची माती आणून तीत वाढणारे सूक्ष्म जीव बुरशीवर आजमावत. गुण दिसला की ते बरणीत घालून टपालाने ब्राउनबाईंकडे पाठवत. त्या त्यातला औषधी अंश वेगळा काढत आणि परत टपालाने धाडत. व्हर्जिनिया प्रांतातल्या स्नेह्यांच्या शेतावरून हेझनबाईंनी आणलेल्या मातीत हवा तो जीव सापडला. १९५० मध्ये त्यांनी शोध जाहीर केला आणि आपल्या राज्याच्या नावावरून औषधाला 'निस्टॅटिन' म्हटले. या औषधाच्या हक्कांतून १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास रक्कम आली. तिच्यातून दोघींनी स्वतःसाठी काही घेतले नाही. सारी विज्ञानाच्या संशोधनाला दिली.

आणि आता आपल्या अभिमानाची गोष्ट. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. त्या कारखान्याच्या संशोधन विभागात म. ज. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी हेझनबाईंसारखीच माती तपासत होते. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांना पिंपरीच्याच मातीतून मिळालेल्या एका सूक्ष्म जीवापासून बुरशीवरचे औषध गवसले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' हा शब्द घातला गेला, आणि कारखान्याच्या नावातल्या आद्याक्षरांवरून औषधाचे नाव 'हॅमायसिन' ठेवले. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर आणि स्त्रियांच्या बुरशीजन्य दाहावर ते वापरले गेले. पायाखालच्या मातीत काय दडलेले असते, याचा हा घरचा दाखला आहे.

आज हे दुखणे बरे करणे सोपे झाले आहे. तरी दोन ठिकाणी ते अजून गंभीर आहे. पहिले ठिकाण म्हणजे अतिशय लहान, दिवस न भरलेली बाळे. त्यांच्या तोंडातली किंवा त्वचेवरची बुरशी रक्तात उतरून जिवावर बेतू शकते. २००१ मध्ये अमेरिकेत १००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या १०० बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना बुरशी रोखणारे औषध आधीपासून दिले, निम्म्यांना नाही. औषध न दिलेल्या ५० पैकी ३० बाळांत बुरशीची वस्ती झाली आणि १० जणांत ती शरीरात खोल शिरली. औषध दिलेल्या ५० पैकी ११ जणांतच वस्ती झाली आणि खोल एकातही शिरली नाही. वस्ती रोखली तर रोग रुकतो, हे यावरून दिसले.

दुसरे ठिकाण म्हणजे ज्यांची प्रतिकारशक्तीच ढासळली आहे अशी माणसे. १९८१ मध्ये एड्सची पहिली वर्णने प्रसिद्ध झाली तेव्हा त्या पाचही रुग्णांत ही बुरशी होती. म्हणून बाळ मोठे होऊ लागले, सहा-आठ महिन्यांचे झाले, आणि तरी चट्टे पुन्हापुन्हा येत असतील, तर ते नुसते तोंडाचे दुखणे समजू नये. डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी.

मायबहिणींनो, आता थोडे कामाचे. बाळाच्या जिभेवर पांढरे दिसले की आधी ओल्या स्वच्छ मऊ कापडाने हलकेच पुसून पाहावे. पुसले गेले तर ते दूध आहे. पुसले जात नसेल तर खरवडू नये, दवाखान्यात दाखवावे. फक्त जिभेवर असेल तर बहुधा दूधच असते. गालांच्या आतून आणि ओठांच्या मागे असेल तर बुरशीचा संशय धरावा. आईचे दूध बंद करू नये. दूध बाधत नाही, उलट तेच बाळाचे बळ आहे. आईची स्तनाग्रे दुखत असतील, लाल होऊन भेगाळली असतील तर तेही सांगावे, कारण तेव्हा आई आणि बाळ दोघांना एकदमच औषध लागते. एकालाच दिले तर बुरशी दुसऱ्याकडून पुन्हा परत येते. बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. बाटली आणि चोखणी शक्यतो घरात आणूच नये. वरचे दूध देणे भागच पडले, तर उकळून घेतलेली वाटी आणि चमचा बरा. आपल्या देशात बाटल्यांच्या आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९९२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो कडक करण्यात आला, त्यामागे असलीच कारणे आहेत.

एक चांगली गोष्ट अशी की २०११ पासून आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊ लागली. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करून दाखवले होते. त्याचा वृत्तांत १९९९ मध्ये जगापुढे आला आणि या घरभेटींच्या योजनेला त्याचा मोठा आधार मिळाला. आशाताईंच्या भेटींत चौदावा आणि एकविसावा दिवस आहे. तोंडातला हा थर दिसू लागतो तोही याच सुमारास. तेव्हा ताई आल्या की बाळाचे तोंड त्यांना उघडून दाखवावे. संकोच करू नये.

आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात बुरशीचा धडा येईल तेव्हा शिळ्या भाकरीवरचा भुरा दाखवून तिथेच थांबू नका. स्टॉकहोमच्या अनाथालयातली ती एक बाटली, टपालाने जाणाऱ्या मातीच्या बरण्या आणि पिंपरीचा कारखाना यांचीही गोष्ट मुलांना सांगा. घरी धाकटे भावंड असलेली एखादी मुलगी ती ऐकून घरी जाईल आणि आजीला म्हणेल, "आजी, खरवडू नकोस गं, आधी दवाखान्यात दाखवू." तिचे ऐकले गेले, तर त्या बाळाचे तोंड सोलवटणार नाही, त्याचे दूध तुटणार नाही आणि त्याच्या आईला बोल लागणार नाही.